दरड सांगून येते का?

जुलैच्या एखाद्या शनिवारी सकाळी जव्हारच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं, की डोंगराकडे निघालेली दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक मुंबई-ठाण्याहून आलेली. पाठीवर सॅक, पायात नवे बूट आणि दाभोसा नाहीतर काळमांडवीचा धबधबा गाठायची घाई. दुसरी इथलीच. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात रेशनची पिशवी, आणि पाड्यावर पोचायला अजून तासाभराची चाल. पाहुणा चहाच्या टपरीवर विचारतो, "दादा, आज वर जाणं सेफ आहे ना?" इथला माणूस कुणालाच काही विचारत नाही. तो एकदा ढगाकडे बघतो, एकदा ओहोळाच्या पाण्याकडे बघतो आणि निघतो, किंवा स्टँडच्या पत्र्याखाली गुमान बसून राहतो.

तो नेमकं काय बघतो? आणि 'अचानक दरड कोसळली' असं वर्तमानपत्र छापतं, तेव्हा ती खरंच अचानक कोसळलेली असते का? या प्रकरणात एवढंच समजून घ्यायचं आहे.

१. आपल्याकडे बर्फ नाही, मग बर्फाची गोष्ट कशाला?

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. थंडीत इथे शेकोट्या पेटतात, पण बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरच. तरी सुरुवात बर्फापासून करतो, कारण 'हा उतार आज धरेल की सुटेल' हा प्रश्न वाटेला लागण्याआधी विचारायची शिस्त डोंगरातल्या माणसांना बर्फानेच लावली. आपल्या देशात त्यासाठी १९६९ साली मनालीला हिम व हिमस्खलन अभ्यासाची खास संस्था निघाली. निमित्त होतं सीमेवरच्या जवानांचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जण होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा शिखरावर गिर्यारोहण शिकणाऱ्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि पंचवीसहून अधिक जणांचा जीव गेला.

बर्फाचे अभ्यासक डोंगरांचे दोन मोठे वर्ग करतात. लडाखसारखे समुद्रापासून लांबचे, कोरडे, कडाक्याच्या थंडीचे डोंगर हा एक. तिथे बर्फ कमी पडतो, पण खालचा थर साखरेसारखा सुटा, रवाळ होतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच दबा धरून राहतो. दुसरा वर्ग समुद्राकाठच्या डोंगरांचा: कॅनडाचा पश्चिम किनारा, नॉर्वे, न्यूझीलंड. तिथला बर्फ ओला, जड आणि भरपूर. तिथली बहुतेक हिमस्खलनं वादळ चालू असताना किंवा ते सरल्यावर दिवस-दोन दिवसांत होतात. मग बर्फ दबून बसतो, घट्ट होतो, आणि धोका उतरतो. म्हणून तिकडचे फिरणारे एक साधा नियम पाळतात: वादळात घरी बसायचं, वादळानंतरही एक दिवस बसायचं.

आता सह्याद्रीकडे बघा. तोही समुद्राकाठचाच डोंगर. जव्हारहून डहाणूचा समुद्र सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर. नैऋत्येचा वारा समुद्रावरून ओल घेऊन येतो, डोंगराला अडून वर चढतो, वर गार होतो आणि ओझं टाकून देतो. जव्हार-मोखाड्यात वर्षाचा पाऊस अडीच ते तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. ताजा, भुसभुशीत बर्फ पाण्याच्या साधारण दहापट जागा व्यापतो. म्हणजे हाच पाऊस बर्फ होऊन पडला असता तर पंचवीस-तीस मीटरचा ढीग झाला असता, दहा मजली इमारतीएवढा. आपल्याकडे तो साचून दिसत नाही, वाहून जातो किंवा जमिनीत जिरतो. दिसत नाही म्हणून त्याचं ओझं नाही, असं मात्र नव्हे.

२. खळ्यावरची रास

उतार किती असला की माल घसरतो? याचं उत्तर मोखाड्यातल्या कुठल्याही खळ्यावर दिवाळीच्या सुमाराला मिळतं. सुपातून नागली एकाच जागी ओतत राहा. रास उंच होते तशी पसरटही होते, पण तिच्या बाजूचा कल बदलत नाही. आणखी ओतलं तर दाणे बाजूने ओघळतात आणि रास पुन्हा त्याच कलावर येऊन थांबते. हा कल तीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे असतो. प्रत्येक सुट्या मालाचा असा एक 'विसाव्याचा कोन' असतो. वाळूचा, खडीचा, मुरमाचा थोडाफार वेगळा.

यामागे साधी ओढाताण आहे. शंभर किलोची भाताची गोणी तीस अंशांच्या फळीवर ठेवली, तर तिच्या वजनातले पन्नास किलो तिला उताराच्या दिशेने खाली ओढतात आणि सत्याऐंशी किलो तिला फळीवर दाबून धरतात. फळी पंचेचाळीस अंशांवर नेली की ओढणारे एकाहत्तर आणि दाबणारेही एकाहत्तर. फळी जसजशी उभी होते, तसा ओढणारा हात जोर धरतो आणि धरणारा ढिला पडतो.

कोरड्या बर्फाची मोठी स्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. मातीचंही गणित फार लांबचं नाही. पंचवीस अंशांच्या वरचा, मातीने झाकलेला उतार संशयाने बघावा. पन्नासच्या वर गेलं की माती टिकतच नाही, काळा कातळ उघडा पडतो. तिथे भीती सुट्या दगडांची.

इथेच पाहुण्यांची मोठी चूक होते. माणसाला कड्याची भीती वाटते, उताराची वाटत नाही. उभ्या कातळाखालून जाताना सगळे मान वर करून बघतात आणि मग हिरव्यागार, गवताळ, 'छान' उतारावर डबे उघडून बसतात. डोंगर सुटतो तो बहुधा त्या छान उताराचा.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक काठी आडवी, अगदी समपातळीत धरा, तिचं वरच्या बाजूचं टोक जमिनीला टेकवून. दुसरी काठी तिच्या हवेतल्या टोकापासून सरळ खाली धरा. दुसरी काठी पूर्ण मावली तर उतार पंचेचाळीस अंशांचा. निम्मीच मावली तर सत्तावीसच्या आसपास. निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे मीटरभर काठीतली अठ्ठावन्न सेंटिमीटर, मावली की तीस. दोन-चार वेळा करून पाहिलं की नजर बसते आणि काठ्यांची गरज उरत नाही.

३. तोरंगणच्या घाटातली एक भिंत

मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरला जाताना तोरंगणचा घाट लागतो. अशा कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीशी पावसाची उघडीप बघून दोन मिनिटं उभं राहावं. भिंतीपासून चार पावलं लांबच. पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीपेक्षा तिथे जास्त कळतं.

सगळ्यात वर हातभर काळसर माती, तिच्यातून लोंबणारी मुळं. तिच्याखाली तांबूस-पिवळा मुरूम, बोटाने उकरला तर सुटणारा. त्याखाली कुजलेला दगड. दिसायला दगड, पण हातोडीने ठोकला तर 'ठण्ण' न वाजता 'थप्प' वाजणारा. आणि तळाशी काळा, अभंग पाषाण. कुठे दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेच्या रंगाचा लाल पट्टाही दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर ओतला गेला. दोन थरांमध्ये बराच काळ गेला, तेव्हा वरच्या दगडाची माती झाली आणि पुढचा लाव्हा येऊन ती भाजली गेली. तो हा लाल पट्टा. पाणी लागलं की तो मऊ पडतो.

आता पाणी कुठून येतंय ते बघा. मातीतून ते सगळीकडून झिरपतं, पण धार लागलेली असते एकाच रेषेवर: जिथे मुरूम संपतो आणि पक्का दगड सुरू होतो. वरून जिरलेलं पाणी खाली खाली जातं, पाषाणाला अडतं आणि त्याच्या पाठीवरून आडवं वाहू लागतं. सगळा वरचा थर त्या ओल्या पाठीवर बसलेला असतो.

बर्फाच्या भाषेत याला कमकुवत थर म्हणतात. वरचा बर्फ कितीही घट्ट असो, तो ज्यावर बसलाय तो थर सुटा असेल तर सगळी लादी एकदम निसटते. मातीचंही तसंच. म्हणून वरून हिरवी, घट्ट दिसणारी जमीन काही सांगत नाही. विचारायचं ते तिच्या बुडाला.

मुळं मात्र पुष्कळ काम करतात. गोधडीच्या टाक्यांसारखी ती वरचा थर खालच्याला शिवून ठेवतात. सह्याद्रीच्या उतारांवर हे काम कारवी गुपचूप करते. तिचं कौतुक होतं ते सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हा आणि तिच्या काठ्यांचे कूड होतात म्हणून. पण तिच्या दाट मुळांनी धरलेली माती कुणी मोजत नाही. झाडी तोडली की उतार लगेच सुटत नाही, हेही लक्षात ठेवायचं. खोड गेल्यावर मुळं जमिनीत काही वर्षं टिकतात, मग कुजतात आणि टाके उसवतात. तोवर तोड कुणी केली होती हे गाव विसरलेलं असतं.

४. ओट्यावर सरकणारं भांडं

पाऊस पडला की डोंगर जड होतो म्हणून घसरतो, असा सर्वसाधारण समज आहे. जड होतो हे खरंच. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. एका गुंठ्यावर दहा टन. एका एकरावर चारशे टन. यातलं बरंच वाहून जातं हे धरलं तरी आकडा लहान नाही.

पण वजन हे अर्धंच कारण आहे. वर गोणीचं गणित केलं, त्यात वजन वाढलं की ओढही वाढते आणि दाबही वाढतो. ओढाताण तशी बरोबरीतच राहते. मग बिघडतं कुठे?

त्यासाठी स्वयंपाकघरात या. गरम पाण्याने धुतलेली वाटी ओल्या ओट्यावर उपडी घातली, की ती कधी कधी कुणी हात न लावता सरकते. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि वाटीला केसभर उचलून धरते. वाटीचं वजन कमी झालेलं नसतं, पण ते ओट्यावर पडत नाही, आतल्या हवेवर पडतं. पकड गेली की जरासा उतारही पुरतो.

डोंगरात हवेच्या जागी पाणी असतं. मातीच्या कणांमधल्या फटी भरल्या, खाली पाषाण आणि बाहेर पडायला वाट नाही, की ते पाणी वरच्या मातीला आतून उचलून धरायला लागतं. कणाकणांतला दाब कमी होतो, घर्षण कमी होतं. म्हणजे गोणीला फळीवर दाबून धरणाऱ्या सत्याऐंशी किलोंतले तीस-चाळीस पाण्याने परस्पर काढून घेतले, आणि ओढणारे पन्नास जागच्या जागी राहिले.

किंचित ओल मात्र मातीला उलट घट्ट करते. समुद्रावर वाळूचा किल्ला ओलसर वाळूचाच होतो, कोरड्या वाळूचा नाही. आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं की तोच किल्ला बसकण मारतो. जूनमध्ये उतार धरतो आणि जुलैत सोडतो, त्याचं निम्मं उत्तर या किल्ल्यात आहे.

५. जुलैचा दुसरा पंधरवडा

महाराष्ट्रातल्या मोठ्या दरडींच्या तारखा नुसत्या एकाखाली एक लिहून बघा. २५-२६ जुलै २००५: महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. ३० जुलै २०१४: आंबेगाव तालुक्यातलं माळीण, १५१ बळी. २२ जुलै २०२१: महाडमधलं तळीये, ऐंशीहून अधिक बळी. १९ जुलै २०२३: खालापूर तालुक्यात इरशाळगडाखालची इरशाळवाडी. तिथे २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. केरळात वायनाडच्या डोंगरात मुंडक्काई-चूरलमला वाहून गेलं, तीही तारीख ३० जुलैच, साल २०२४.

हा पंचांगाचा योग नाही. जूनचा पाऊस तापलेली, भेगाळलेली जमीन पिऊन टाकते. भिजत घातलेल्या वालांसारखी ती पहिले काही दिवस पाणी घेतच राहते. जुलैच्या मध्यापर्यंत तिचं पोट भरतं. मग जो जोराचा पाऊस येतो, त्याला आत जागा नसते. म्हणून आज किती पडला एवढ्यावर भागत नाही, गेल्या दहा-पंधरा दिवसांत किती मुरला हेही बघावं लागतं. २० जूनचा दीडशे मिलिमीटर आणि २५ जुलैचा दीडशे मिलिमीटर हे एकसारखे पाऊस नव्हेत.

हवामान खात्याचे शब्दही इथे समजून घेऊ. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. त्याहून वर अत्यंत मुसळधार. तळीयेची दरड पडली त्या चोवीस तासांत जवळच्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो, हे ठाऊक नसलं की बातमीतले आकडे गोंधळात टाकतात. शिवाय डोंगरात एका धारेच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळा पाऊस पडतो. तेव्हा आपला आकडा आपणच घ्यावा. उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा अंगणात उघड्यावर ठेवा. सकाळी पट्टीने खोली मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. डबा लहान असो की मोठा, फरक पडत नाही.

माळीणची बातमी जगाला कशी कळली, ती गोष्ट मला विसरता येत नाही. सकाळची एसटी नेहमीच्या रस्त्याने आली आणि चालकाला समोर गावच दिसलं नाही. चिखलाचा डोंगर होता. त्याने मागे फिरून कळवलं.

६. थप्पीखालची गोणी

गोदामात भाताच्या गोण्यांची थप्पी असते. वरची गोणी काढली तर काही होत नाही. खालची ओढली तर काय होतं, ते हमालाला विचारा.

डोंगराचा पायथा ही खालची गोणी. घाटरस्ता रुंद करताना, घरासाठी जागा सपाट करताना जेसीबी पायथ्याशीच हात घालतो. काम उन्हाळ्यात होतं, तेव्हा भिंत उभी राहते. बिल निघतं. पावसाळ्यात ती भिंत रस्त्यावर येते. उतारावर सपाटीकरण करून पाणी अडवलं आणि त्याला बाहेर पडायला चर ठेवली नाही, तर चौथ्या भागातली वाटी आपण स्वतःच उपडी घातलेली असते.

वरकस जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नागली-वरई घेणाऱ्यांना दोष द्यायची शहरात फॅशन आहे. मला ती पटत नाही. टिकावाने उकरलेला उतार आणि यंत्राने कापलेला उतार यांत खोलीचा फरक आहे, आणि पाषाणाच्या पाठीपर्यंत पोचतं ते यंत्र.

शेजारच्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आले. त्यामुळे 'धक्क्याने दरड येईल का' असं लोक विचारतात. मोठ्या भूकंपाने येते. तीन-साडेतीनच्या धक्क्याने भिंतीला तडा जातो, डोंगर सहसा सुटत नाही. काळजी करायचीच तर आधी पाण्याची करावी.

७. वाटेवर काय बघायचं

आता स्टँडवरच्या त्या माणसाकडे परत येऊ.

एकदा खोडाळ्याच्या बाजूला एका ओहोळापाशी मी थांबलो होतो. पाणी गुडघ्याच्याही खालीच होतं, सहज ओलांडता आलं असतं. सोबतचे गावचे बाबा म्हणाले, "थांब जरा. रंग बघ." मघाशी स्वच्छ असलेलं पाणी चहासारखं झालं होतं. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. वीसेक मिनिटांत पाण्याबरोबर काटक्या, पालापाचोळा, मग अख्खी फांदी आली आणि ओहोळ छातीएवढा झाला. वर कुठेतरी पाऊस कोसळला होता आणि पाण्याचा रंग त्याची बातमी आधी घेऊन आला होता.

त्याच्या उलट खूणही असते आणि ती जास्त वाईट. वर धो धो पाऊस चालू आहे आणि ओहोळाचं पाणी एकाएकी कमी झालं, तर खूश होऊन ओलांडायला जाऊ नये. वर दरड पडून पाणी तुंबलेलं असू शकतं. तो बांध फुटला की पाणी, चिखल, दगड, झाडं सगळं एकत्र खाली येतं. अशा वेळी ओहोळाच्या काठाने खाली पळायचं नाही. काठ सोडून बाजूला वर चढायचं.

उतारावर बघायची पहिली गोष्ट म्हणजे भेग. वाटेला आडवी, कमानीसारखी वाकलेली, खालची बाजू जराशी खचलेली भेग म्हणजे उताराने वरून पकड सोडायला सुरुवात केली. बर्फातही असंच होतं: पायाखालून भेग पळत गेली किंवा 'हुंफ' असा दबका आवाज आला, की अनुभवी माणूस तिथूनच मागे फिरतो. दुसरी खूण झाडांची. बुंधे सगळे एकाच दिशेला कललेले, किंवा बुडाशी वाकून मग सरळ वर गेलेले असतील, तर जमीन हळूहळू सरकते आहे. तिसरी, कधी नव्हता तिथे झरा फुटणं किंवा बारमाही झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं. चौथी, वरून गडगडत येणारे लहान दगड. एकटा दगड काही सांगत नाही. पण पाच मिनिटांत तीन आले तर उतार काहीतरी म्हणतो आहे.

वाट निवडताना एक साधा नियम: पाणी जिथून जातं तिथून जाऊ नये. सोंडेवरून, धारेवरून चालावं. नाळ आणि घळ पावसात वर्ज्य. उन्हाळ्यात जी नाळ सोयीची वाट असते, तीच पावसाळ्यात दगडमातीची पन्हळ होते. घसारा ओलांडायचा झालाच तर एकेकाने. एक जण पलीकडे पोचेपर्यंत बाकीच्यांनी अलीकडे सुरक्षित जागी थांबून वर नजर ठेवायची. हिमालयात बर्फाचा उतार असाच पार करतात. कारण उघड आहे: सुटला तर एक सापडेल आणि बाकीचे त्याला काढायला उरतील. आपल्याकडे मात्र असा पट्टा आला की सगळे एकमेकांचा हात धरून साखळी करतात. निसरड्या कातळावर साखळी ठीक आहे. सुटणाऱ्या उताराखाली ती एकाच्या जागी दहा जणांना नेते.

विसाव्याला, जेवायला, तंबूला घळीचं तोंड टाळावं. तिथे जागा सपाट असते, पाणी जवळ असतं, मोह होतो. पण तो सपाट तुकडा तयार कशाने झाला, हे विचारा. आधीच्या दरडींनी आणून टाकलेल्या गाळाने. पायाखाली गोल न झालेले, कोनदार, लहानमोठे दगड मातीत कालवल्यासारखे दिसले, तर डोंगर इथवर एकदा येऊन गेला आहे.

धबधब्यांचं वेगळं प्रकरण करावं लागेल, इथे एवढंच. २०२० च्या जुलैत काळमांडवीला जव्हारचेच पाच तरुण बुडाले. ते पाहुणे नव्हते. वाट ओळखीची असली म्हणून पाणी ओळखीचं असतंच असं नाही.

८. ज्याला थांबता येत नाही

वादळात घरी बसा, हा नियम हौसेने फिरणाऱ्याला सोपा आहे. धबधबा पुढच्या शनिवारीही तिथेच असतो. पण जव्हार-मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांना पक्का रस्ता नाही, आणि बाळंतपण पाऊस बघून येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या अशाच एका पाड्यावर जुळी बाळं दगावली आणि त्यांच्या आईला झोळीत घालून निसरड्या उतारावरून तीन किलोमीटर उतरवावं लागलं. ती झोळी वाहणाऱ्यांना वाटेचा कोन, पाण्याचा रंग, मुरमाची पकड हे कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांना रस्ता हवा होता, आणि तो रस्ताही पायथा न पोखरता, पाण्याला वाट ठेवून केलेला.

इरशाळवाडीलाही गाडीरस्ता नव्हता. त्या रात्री मदतीला गेलेली माणसं अंधारात, पावसात चढून वर पोचली आणि यंत्रं नेता येईनात म्हणून कुदळ-फावड्यांनी उकरत राहिली. शिवाय ती वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. म्हणून यादीवर विसंबून भागत नाही, आपला उतार आपणच वाचावा लागतो.

घरामागच्या उतारावर भेग दिसली, तर एक काम आजच करा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका आणि दोघींमधलं अंतर दोरीने मोजून दोरीला गाठ मारा. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने बुजवा आणि वरच्या बाजूला पाणी वळवणारी चर काढा. दाराची चौकट एकाएकी अडकू लागली, ओटा जमिनीपासून सुटला, खांब कलला, हेही एका वहीत लिहा. दोरी रोज सकाळ-संध्याकाळ लावून बघा. एक बोट जरी कमी पडली, तर पाऊस थांबायची वाट बघू नका. गुरांची दावी सोडा, माणसं सोंडेकडच्या घरांत हलवा आणि १०७७ ला फोन करा. तो जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे.